कुंचीची निरगाठ

माझ्यावर एकदा चोरीचा खटला झाला होता, हे माझ्या नातवंडांना ठाऊक नाही. सुनांना असावं. मी पदराखाली झाकून काही नेताना दिसले की त्या एकमेकींकडे बघतात, असं मला वाटतं. म्हातारी संशयी झालीय, असंही त्या म्हणत असतील. म्हणू देत. संशय घ्यायला मी कुणाकडून शिकले, ते एकदा सांगून मोकळी होते.

तेव्हा कोल्हापुरात महाराजांचं राज्य होतं. सासरे मी यायच्या आधीच वारलेले. घरात सासूबाई, माझा नवरा, त्याची धाकटी बहीण आणि मी. थोरला मुलगा नुकता बसायला लागला होता. नवरा दरबारच्या एका खात्यात कारकून. अंगात कोट, डोक्याला पटका आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांत नावाला भारी जपणारा माणूस. मी पेठ वडगावची, मराठी चौथी शिकलेली. त्या काळात एवढं शिक्षण म्हणजे सासूच्या डोळ्यांत खुपायला पुरेसं होतं.

नणंद माझ्याहून थोडीशीच लहान. चारचौघांत मी तिला वन्सं म्हणायची, दोघीच असलो की अगंतुगं. त्या घरात माझ्याशी पहिल्यांदा हसून बोलली ती तीच. चुलीतली राख परातीत पसरून मी तिला अक्षरं शिकवली. तिची वेणी मी घालायची, माझ्या बाळाला ती न्हाऊ घालायची. बाळंतपणानंतर माझ्या अंगात ताप भरला, तेव्हा माझ्या उशाशी बसून राहिली ती तीच. म्हणून तर आग अजून जात नाही. परक्यानं केलं असतं तर मी केव्हाच विसरले असते.

तिचं लग्न कागलच्या एका घरात ठरलं. घर चांगलं होतं, माणसं कडक. लग्नाच्या कापडासाठी सासूबाईंनी आम्हा दोघींना महाद्वाराजवळच्या एका दुकानात पाठवलं. कोणते खण घ्यायचे ते त्यांनीच ठरवून दिलं होतं. दुकानात मात्र नणंदेचा जीव एका डाळिंबी, जरीकाठी खणावर गेला. तो आमच्या यादीत बसणारा नव्हता. तिनं तो दोनदा हातात घेतला, दोनदा ठेवला. मी म्हटलं, राहू दे गं, सासरी गेल्यावर नवऱ्याकडून घे. ती हसली.

बाळ किरकिर करायला लागलं, तसं तिनं ते माझ्याकडून मांडीवर घेतलं. बाळाच्या डोक्याला कुंची होती, माझ्या आईनं शिवलेली. वर टोपीसारखी, मागं पाठीवर झूल सोडलेली आणि हनुवटीखाली नाडीनं बांधायची. मी खणांचे काठ बघत होते, शेठजी माझ्यापुढं एकेक घडी उलगडत होते. सगळं घेऊन झाल्यावर तिनं बाळ माझ्या खांद्यावर दिलं आणि कापडाचं गाठोडं स्वतः उचललं.

दुकानाच्या पायरीवर मी वहाणा घालायला वाकले आणि बाळ या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. त्याबरोबर कुंचीच्या झुलीखालून काहीतरी सटकलं आणि पायरीवर पडलं. डाळिंबी खण, घडीसकट.

"ए बाई, थांब!" शेठजी गादीवरूनच ओरडले. "पोराच्या कुंचीतनं माल न्हेतीस व्हय?"

दसऱ्यापासून त्यांच्या दुकानातून कापड चोरीला जात होतं आणि ते टपूनच बसले होते. गडी पळत आला. रस्त्यावरची माणसं जमली. मी नणंदेकडे बघितलं. ती चार पावलं पुढं होती. तिनं मागं वळून एकदा माझ्याकडे बघितलं, पदर डोक्यावर पुढं ओढला आणि गाठोडं घेऊन चालायला लागली. मी हाक मारली नाही. मला वाटलं, आपल्या दादाला, माझ्या नवऱ्याला बोलवायला धावली असेल बिचारी.

शिपाई आला. लेकरू कडेवर घेऊन मी चौकीवर गेले. दिवे लागायच्या आत नवरा आला, जामीन राहिला, मला घेऊन घरी आला. कोर्टाची तारीख पुढच्या आठवड्यातली पडली होती.

घरी आल्यावर बाळाची कुंची काढायला गेले तर नाडी सुटेना. निघताना कुंची मीच बांधली होती, नेहमीसारखी सुरगाठीनं, एक टोक ओढलं की सुटावी अशी. ही निरगाठ होती, ती पण दुहेरी. आमच्या घरात निरगाठ मारणारं एकच माणूस होतं. पिठाच्या पिशवीपासून परकराच्या नाडीपर्यंत तिची प्रत्येक गाठ दातांनी सोडवावी लागायची आणि सगळं घर त्यावरून तिला हसायचं. नवरा तर सगळ्यांत जास्त. सासरी गेल्यावर नवरा उपाशी मरंल तुझा, डब्याची गाठ सुटायची न्हाय, असं तो तिला चिडवायचा.

मी बाळाला तसंच उचललं आणि त्याच्यापुढं नेलं.

"अवो, ही गाठ बघा," मी म्हटलं. "ही माझी हाय का?"

तो पान लावत बसला होता. त्यानं गाठ बघितली. नीट बघितली. बोटानं एकदा चाचपली. मग पानाच्या तबकातला अडकित्ता उचलला, बाळाच्या हनुवटीखाली दुसऱ्या हाताची दोन बोटं घातली आणि नाडी कापून टाकली. गाठ तबकात पडली. त्यानं ती चुन्याच्या बोटानं उचलली, खिडकीबाहेर टाकली आणि सुपारी कातरायला लागला.

त्याला कळलं नसतं तर मी समजले असते. पुरुषमाणूस, गाठीतलं त्याला काय कळणार, अशी स्वतःची समजूत काढली असती. पण त्याला कळलं होतं. आणि कळल्यावर त्यानं ते केलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं मला समोर बसवून समजावलं. आवाज चढवला नाही, ते जास्त वाईट होतं. "पहिलाच गुन्हा हाय. कबूल केलंस की साहेब समज देऊन सोडतील. बाईमाणूस, कडेवर पोर, कोण तुरुंगात घालतंय? पण न्हाय म्हणालीस तर साक्षी हुतील. घरच्या बायांना कोर्टात वढतील. लगीन मोडंल."

"आणि माझ्यावर चोर म्हणून शिक्का बसंल, त्याचं काय?"

"चार दिवस लोक बोलतील."

सासूबाई दारातून म्हणाल्या, "न्हाय म्हणायचं आसंल तर तिथनंच वडगावची वाट धर. पोर आमचं हाय, ते हितंच ऱ्हाईल."

त्यांचा मला राग नव्हता. त्यांनी माझ्यावर कधी माया केली नव्हती, तेव्हा त्यांच्याकडून माझं गेलं काय?

नणंद मला टाळत होती. दुपारी तांदूळ निवडायला बसले तेव्हा तिला माझ्या शेजारी बसावंच लागलं. मी काही विचारलं नाही. ती आपणहून बोलेल, रडेल, निदान पाय धरेल, अशी माझी वेडी आशा. सूप खाली ठेवून ती हळूच म्हणाली, "वैनी, तुझं काय जातंय? तुझं लगीन झालंय की."

रडली नाही. खडे वेचत राहिली. मी उठून मागच्या दारी गेले आणि हौदावर डोकं टेकून बसले. तिला अक्षरं शिकवलेल्या राखेसकट सगळं आठवलं.

मी वडगावला निरोप पाठवला. आबा आले. माझे वडील. त्यांना बघून मला वाटलं, आता सुटले. आबा बैलाच्या बाजारात दलाली करायचे, बैलाच्या डोळ्यांत बघून खोटं ओळखणारा माणूस. मी त्यांना आत बोलावून सगळं सांगितलं, निरगाठीसकट. त्यांनी ऐकून घेतलं. मग बाहेर जावयाबरोबर जेवले, पान खाल्लं, बराच वेळ बोलले आणि जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "जावई म्हंत्यात तसं कर, पोरी. तुझ्या पाठच्या दोघी उजवायच्या हाईत."

गाडीत बसताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. खोटं ओळखणारे डोळे त्यांनी त्या दिवशी धोतराच्या सोग्यानं पुसले, एवढं मला दिसलं. माझ्या काही उपयोगाचं नव्हतं ते.

महाराजांची गाडी रस्त्यात अडवून गरिबानं गाऱ्हाणं घालावं असा तो काळ होता. मलाही वाटलं, जावं आणि उभं राहावं. पण सांगणार काय? माझ्या नवऱ्यानं नाडी कापली, असं? हसले असते सगळे.

खरं सांगते, मी कबूल करायचं ठरवलं होतं. पोर सोडून जायची छाती माझ्यात नव्हती. कोर्टाच्या दिवशी सकाळी अंघोळ केली, अंबाबाईला मनातून हात जोडले आणि बाळाला घेऊन नवऱ्यामागून निघाले. कचेरीच्या आवारात चिंचेखाली तो थांबला. इकडंतिकडं बघितलं आणि म्हणाला, "नाव इच्यारलं की बापाचं नाव सांग. गाव वडगाव सांग. माझं नाव मधी आणायचं काम न्हाय."

"आणि नवऱ्याचं नाव इच्यारलं तर?"

"बायका नवऱ्याचं नाव घेत न्हाईत, ते कोर्टालाबी ठावं हाय. मान खाली घालून गप ऱ्हा. कोण जोर करणार न्हाय."

हे आता नातींना कसं समजावू? त्या नवऱ्याला नावानं हाका मारतात. आमच्या वेळी नवऱ्याचं नाव ओठांवर आलं तर त्याचं आयुष्य कमी होतं असं मानायचे. लग्नात उखाण्यात एकदा घेतलं होतं, तेही शेवटचं अक्षर पदरात गिळून. त्याच्या नावाचा भाजीवाला दारी आला तरी मी त्याला 'ते' म्हणायची. त्याच्या आयुष्यासाठी जे मी तोंडात धरून ठेवलं होतं, त्याच्या आडोशाला तो आता लपायला निघाला होता. बहिणीला वाचवायचं, समजू शकते. आईचं ऐकायचं, समजू शकते. पण मला चोर म्हणून उभी करायची आणि ती चोर आपली बायकोसुद्धा नव्हे असं भासवायचं? त्या चिंचेखाली माझ्या पोटातली भीती कुठं गेली कुणास ठाऊक.

आत माणसं बरीच होती. नवरा पार मागं, दाराशी उभा राहिला, उन्हाचं निमित्त करून पटका कपाळावर ओढून. कोर्टाच्या कारकुनानं माझं नाव विचारलं. सांगितलं.

"नवऱ्याचं नाव?"

मी गप्प. कारकून वयस्क होता, त्याला सवय असावी. लेखणी थांबवून तो म्हणाला, "कुणी सांगणारं हाय का संगं?" बाईच्या बरोबरच्या माणसानं पुढं होऊन सांगायचं, ही रीतच होती. मी मागं वळून बघितलं. अजूनही, त्या क्षणालाही, मला वाटत होतं की तो पुढं येईल. तो आपल्या वहाणांकडे बघत होता.

"असू दे, बापाचं नाव सांग बाई," कारकून म्हणाला.

मी नवऱ्याचं नाव घेतलं. त्याचं, त्याच्या बापाचं, आडनावासकट, दाराबाहेरच्या शिपायाला ऐकू जाईल असं. मग पेठ सांगितली, गल्ली सांगितली आणि तो कोणत्या खात्यात कारकून आहे तेही सांगितलं, कुणी विचारलेलं नसताना. कुणीतरी मागं खोकलं. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी मान वर केली.

"गुन्हा कबूल आहे?"

"न्हाय जी. मी चोरी केल्याली न्हाय."

शेठजींनी साक्ष दिली. साहेबांनी मला विचारलं, काही म्हणायचं आहे का. मी म्हटलं, शेठजींना एवढंच विचारा, मी खण बघत होते तेव्हा पोर कुणाच्या मांडीवर होतं. शेठजी तापट होते, पण खोटे नव्हते. थोडा विचार करून म्हणाले, "हिच्या न्हवं. संगं दुसरी पोरगी हुती, तिच्या मांडीवर. ह्या बाईचे दोन्ही हात माझ्यापुढंच हुते की."

"ती पोरगी कोण?" साहेबांनी मला विचारलं.

"संगं आलती," मी म्हटलं आणि पुढं तोंड उघडलं नाही.

दया आली म्हणून नव्हे. त्या घरात मला परत जायचं होतं, माझ्या पोराजवळ राहायचं होतं, आणि मी काय बोलले नाही हे त्या तिघांच्या कायम ध्यानात राहावं असं मला वाटत होतं. साहेबांनी दोनदा विचारलं, मग सोडून दिलं. माझ्याविरुद्ध पुरावा पुरत नाही म्हणाले आणि मला जायला सांगितलं.

घरी मी पुढं चालत आले, नवरा मागून. सासूबाईंनी मला दारात अडवलं नाही. त्यांनी मुलाच्या तोंडाकडे बघितलं आणि बाजूला सरकल्या. मी आत जाऊन भाकरीचं पीठ काढलं.

लग्न ठरल्याप्रमाणे झालं. कागलची माणसं आली, जेवणावळी उठल्या. नवरी मुंडावळ्या बांधून बसली होती, सुंदर दिसत होती. बायकांनी जमलेल्या सुनांना एकेक करून नाव घ्यायला लावलं. हसणं, चिडवणं, पदर ओढणं चाललं होतं. माझी पाळी आली. "घे की गं नाव! लाजतीस काय पोराची आई होऊन?" नवऱ्या मुलाची आत्या म्हणाली. माझा नवरा दारातून विड्यांचं तबक घेऊन आत येत होता, तो तिथंच थांबला. नणंदेनं मान वर केली.

"मी नाव घेतलंय," मी म्हटलं. "कोर्टात घेतलंय. आता परत न्हाय घ्यायची."

बायकांना वाटलं, मी थट्टाच केली. त्या खो खो हसल्या आणि पुढचीकडे वळल्या. नवरीचा हात तेवढा मुंडावळीकडे गेला आणि तिथंच राहिला.

पुढं आम्ही चाळीस वर्षं संसार केला. चार मुलं झाली. तो आजारी पडला, मी त्याचं सगळं केलं, काही कमी केलं नाही. शेवटच्या दिवसांत एकदा पाणी पाजताना त्यानं माझं मनगट धरलं आणि म्हणाला, "येकदा नाव घे की माझं."

मी त्याचं तोंड पुसलं आणि पेला खाली ठेवला.