भिकाच्या फटफटीची लाल सीट

मंडळी, चहावाल्याने लिहायला फळा दिलाय, तर आज माझी फजिती वाचा.

शेजारच्या भिकाने भंगारातली मोटारसायकल घरीच जोडली. आमच्या आळीतली पहिली फटफटी! माझ्या आईने तिला ओवाळलं. माझ्या सायकलला कधी कुंकूसुद्धा लावलं नाही. मी नुसता जळलो!

परवा भिका सीटला मिलचं पांढरं कापड शिवत होता. मला भाऊ मानतो, म्हणाला, "भो, तू रंगखात्यात आहेस, लाल रंग दे ना." मी दिला. पण तो पक्का करायला काय घालायचं, ते मुद्दाम सांगितलं नाही. म्हटलं, बसेल तो रंगेल!

आज सगळी आळी जमली अन् भिका ओरडला, "पहिले माझा भो बसेल. रंग त्याचा आहे."

नाही म्हटलं तर पकडला जाईन, म्हणून बसलो. उकाड्यात घाम गाळत उधना स्टेशनापर्यंत जाऊन आलो. उतरलो तर माझी एकुलती एक पांढरी पँट मागून लालभडक! आळी हसून लोळली.

भिका एकटा हसला नाही. म्हणाला, "चुकलं रे माझं, रंग कच्चा राहिला. तुला नवी पँट शिवून देतो."

आता तुम्हीच सांगा, ती पँट मी घालू कशी?