पिवळ्या तांदळाचं नेवतं

नत्थू पौनीकर हा इतवारीतला गुडघ्यांचा वैद्य. पदवी त्याला कुणी दिली नाही आणि फी त्यानं कुणाकडून घेतली नाही. दर रविवारी ओट्यावर बसून तो लोकांच्या गुडघ्यांना हिरवा लेप थापायचा. दहांतले चार बरे होत, चार बरे झालो म्हणत, आणि उरलेले दोघं गुपचूप रामदासपेठेतल्या हाडांच्या डॉक्टरकडे जात.

हे औषध त्याला नोकरीनं दिलं. कळमेश्वरच्या एका कारखान्यात तो तीस वर्षं चौकीदार होता. तिथं कुंपणाबाहेर शेळ्या चारणाऱ्या म्हाताऱ्यानं त्याला एक झुडूप दाखवलं आणि दोन अटी घातल्या. तोडायच्या आदल्या संध्याकाळी झुडपाच्या बुडाशी हळदीचे तांदूळ ठेवून त्याला नेवतं, म्हणजे आवतण, द्यायचं, आणि नेवतं दिलं की दुसऱ्या दिवशी न्यायलाच हवं. दुसरी अट अशी, की झुडपाचं नाव मरतानाच एकाला सांगायचं. आधी सांगितलं तर सांगणारा वाचत नाही.

नत्थूची सून पायल औषधनिर्माण कॉलेजात शिकवायची. कुणी फारसा अभ्यास न केलेली वनस्पती तिला संशोधनासाठी हवी होती, आणि ती तर घरच्याच ओट्यावर वाटली जात होती! तिनं सासऱ्याला नाव विचारलं.

"मले मारतेस का वं?" नत्थू म्हणाला.

पुढच्या शनिवारी ती रेल्वेच्या भिंतीकडून येताना दिसली. कळमेश्वरचं तेच झुडूप या भिंतीलगतही उगवलं होतं, आणि नत्थू नुकताच त्याला नेवतं देऊन आला होता. तिचे हात रिकामे होते म्हणून नत्थूचा जीव भांड्यात पडला, पण पिवळे तांदूळ म्हणजे चोराला दिलेला पत्ताच, हे त्याच्या ध्यानात आलं. मग पुढल्या शनिवारी गड्यानं शक्कल लढवली. आपल्या झुडपासकट भिंतीलगतच्या अकरा वेगवेगळ्या झाडांना त्यानं नेवतं दिलं. शोध म्हणावं आता!

रविवारी सकाळी मात्र पहिली अट आडवी आली. नेवतं दिलं ते दिलं. अकरा पाहुणे पोत्यात घालून तो घरी आला, आणि बोलावलेल्यांना फेकायचं कसं म्हणून सगळे लेपात वाटले. असं दोन महिने चाललं. पायलनं विचारणंच सोडलं, तेव्हा नत्थू छाती काढून फिरू लागला.

इकडे गुडघे मात्र भराभर बरे होऊ लागले. सहा वर्षं स्टुलावर बसून भाजी विकणारी कांताबाई हातगाडी ढकलत आली. रांग कोपऱ्यापर्यंत गेली. गुण आपल्या झुडपाचा की बाकीच्यांचा, हे नत्थूला पाहायचं होतं. त्यानं गुपचूप पुन्हा एकट्या जुन्या झुडपाचा लेप सुरू केला. तिसऱ्याच रविवारी कांताबाई लंगडत आली आणि चारचौघांत म्हणाली, "नत्थूभाऊ, मागचं औषध दे गा. हे पाणचट हाय."

नत्थूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जे नाव जिवापाड जपलं त्यात दम नव्हता, आणि दम होता तो कशात हे त्यालाच ठाऊक नव्हतं. ते एकटी पायलच शोधू शकत होती.

सोमवारी त्यानं अकरा जुड्या तिच्यापुढं मांडल्या आणि दहांची नावं सांगितली. अकरावीला तो दिवाणावर आडवा झाला, छातीवर हात ठेवले आणि तुळशीचं पाणी मागितलं. पायलनं न हसता चमचाभर पाणी तोंडात घातलं. त्यानं तिच्या कानात नाव सांगितलं आणि डोळे गच्च मिटून वाट पाहिली. बऱ्याच वेळानं एक डोळा उघडला. पंखा फिरत होता.

"मामाजी," पायल म्हणाली, "मले हे पहिल्याच शनिवारी समजलं होतं. तवा एकाच झाडाखाली तांदूळ होते."

"मंग बोलली काहून नाही? तुह्या अभ्यासाचं अडलं होतं नं."

"तुम्ही मरतो म्हणाले होते."

पडल्या पडल्याच नत्थूनं डोळे पुसले. मग उठून त्यानं आपल्या झुडपाची जुडी पहिल्या नंबरावर ठेवली आणि म्हणाला, "हे आधी तपास. काही नाही निघालं तरी सांगजो."