मेंदीच्या वाटीवरचा आरोप

पोलीस तपासाच्या नोकरीत चोऱ्या, मारामाऱ्या, बंदरातली तस्करी असं बरंच काही माझ्या हाताखालून गेलं आणि त्यातलं निम्मं आता आठवतही नाही. पण इस्राएलच्या अश्दोद बंदरातल्या एका नवरीच्या सुजलेल्या चेहऱ्याचं प्रकरण काही केल्या मनातून जात नाही. नावं सांगत नाही, कारण ती माणसं अजून माझ्या जाण्यायेण्यातली आहेत.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. पोलीस ठाण्यात मराठी बोलणारा मी एकटाच, त्यामुळे आपल्या, महाराष्ट्रातून इथे आलेल्या बेने इस्राएल ज्यूंचं काहीही आलं की फाईल माझ्या टेबलावर यायची. एका सोमवारी सकाळी बंदरावर क्रेन चालवणारे एक गृहस्थ तक्रार घेऊन आले. भाचीचं गुरुवारी लग्न. शनिवारी संध्याकाळी शब्बाथचा विश्रामदिन सुटल्यावर मेंदी झाली आणि आज सकाळी मुलीचे डोळेच उघडेनात, चेहरा फोडांनी भरलेला. मेंदी भिजवली होती शेजारच्या विधवा बाईने. तिने पूर्वी आपल्या मुलासाठी याच मुलीला मागणी घातली होती आणि नकार मिळाला होता. मुलगा कामाला होता रसायनांच्या कारखान्यात. मामांनी हे सगळं एका दमात सांगितलं आणि गुन्हेगार आयता हातात दिल्यासारखे खुर्चीत मागे रेलले.

मलाही ते पटलं, हे कबूल करतो. हेतू होता, संधी होती, साधनही होतं. बाईला ठाण्यात बोलावलं आणि तीन तास बाकावर बसवून ठेवलं. माणूस ताटकळला की सैल बोलतो, असा आमचा अनुभव. ती काही सैल झाली नाही. माझ्यासमोर बसल्यावर तिने दोन्ही तळवे टेबलावर ठेवले. मेंदीने लालभडक, पण कातडी स्वच्छ.

"साहेब, मी त्या पोरीला सून करायला निघाले होते. नाय जमलं. म्हणून तिचं तोंड जाळीन होय मी? ती मेंदी मी ह्याच हातांनी कालवलीय."

मी जबाब लिहून घेतला आणि तिला घरी सोडलं. वरिष्ठांना ते आवडलं नाही. मेंदीची वाटी प्रयोगशाळेत पाठवली होती, पण अहवालाला दोन आठवडे लागणार होते. तोवर बाईला अटक करा, वस्ती तापली आहे, असं त्यांचं म्हणणं. वस्ती खरोखरच तापली होती. दुपारपर्यंत तिच्या दारावरून जाणाऱ्या बायका तोंड फिरवू लागल्या होत्या. एकदा अटक झाली असती तर पुढे निर्दोष सुटूनही त्या बाईला आपल्यात कोणी बसू दिलं नसतं. आपले लोक मला चांगले ठाऊक आहेत. मी माझ्या जबाबदारीवर तीन दिवस मागून घेतले.

मग मुलीला दवाखान्यात भेटायला गेलो. मी मराठीत विचारायचो, ती हिब्रूत उत्तर द्यायची. तिचे हात पाहिले आणि स्वतःचाच राग आला. मेंदी तळहातांवर आणि पावलांवर होती, तिथे पुरळाचा एक ठिपका नव्हता. फोड होते कपाळावर, कानांमागे, मानेवर. जे काही लागलं होतं ते डोक्याला लागलं होतं. हे तक्रार घेतानाच विचारायला हवं होतं.

डोक्याला काय लावलं होतं? तेल, नेहमीचंच. आणि वेणी. आई गेल्यापासून मावशीने तिला वाढवलं होतं. मुंबईत असताना लग्नघरात शेवंतीच्या वेण्या असायच्या, इथे शरद ऋतूत सगळं करपलेलं. तेव्हा मावशीला नव्या इमारतींमागे, पाण्याच्या पाइपसाठी खणलेल्या चराच्या कडेला, शेवंतीसारखी बारीक पिवळी फुलं सापडली. साखरपुड्यापासून ती दर शुक्रवारी त्यांची वेणी करत होती. मुलीला मधे थोडी खाज आली, ती डासांच्या खाती गेली. मेंदीला मावशीने कपाळावरून सोडायच्या माळाही त्याच फुलांच्या केल्या. मावशीच्या बोटांना चिरा पडल्या होत्या. भांड्यांच्या साबणाने, असं ती म्हणाली.

मी ते झुडूप उपटलं. पानं चिकट, वास उग्र. मंगळवारी बसने तेल अविवला वनस्पतिशास्त्राच्या एका प्राध्यापकांकडे नेलं. त्यांनी पाहताक्षणी नाव सांगितलं, तायून. शेवंती, झेंडू, सूर्यफूल यांच्याच कुळातलं. या कुळात आपण ज्याला एक फूल म्हणतो तो पुष्कळ चिमुकल्या फुलांचा झुबका असतो, म्हणून दुरून सगळी सारखी वाटतात. जमीन खणली की तायून तिथे आधी हजर होतं. शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत, मधमाश्या मात्र या कोरड्या दिवसांत त्याच्यावरच जगतात. त्याचा चीक काहींना सोसत नाही. पहिल्या काही वेळा काहीच होत नाही, शरीर ते लक्षात ठेवतं आणि मग एक दिवस भडकतं. पुढे भारतातल्या पाहुण्यांकडून गाजरगवताबद्दल असंच ऐकलं. तेही याच कुळातलं निघालं.

पण प्राध्यापकांचं बोलणं म्हणजे पुरावा नव्हे. त्याच संध्याकाळी दवाखान्यात डॉक्टरांना विचारलं. त्या पानाचा तुकडा पट्टीखाली दोन दिवस कातडीवर ठेवला तर कळेल, असं ते म्हणाले. आजारी मुलीवर हे करायला ते तयार नव्हते. मावशीने पदर बाजूला करून स्वतःचा दंड पुढे केला. गुरुवारी, लग्न पुढे ढकललेलं असताना, पट्टी काढली तेव्हा तिथे लाल, फोडांचा चौकोन उमटला होता. मावशीने तो पाहिला आणि दोन्ही मनगटं माझ्यापुढे धरली.

"म्हणजे मीच केलं. मला आत टाका, साहेब."

नकळत घडलेल्याला गुन्हा म्हणत नाहीत, असं मी तिला समजावलं. मुलीचे डोळे एव्हाना उघडू लागले होते. ती खाटेवरून उठली, तिने मावशीच्या दंडावर हलकेच बोट ठेवलं आणि मोडक्या मराठीत म्हणाली, "आपल्या दोघींना सेम."

फाईलवर 'गुन्हा घडलेला नाही' असा शेरा मारला. मामांना मी एकच सांगितलं, तक्रार द्यायला ठाण्यात आलात, ती मागे घ्यायला शेजारी जा. ते गेले. दारात मान खाली घालून उभे राहिले. बाई म्हणाली, "मेंदी फिकी पडली असंल. लगीन कधी ठरवताय ते सांगा, पुन्हा भिजवते." दोन आठवड्यांनी लग्न झालं, आणि मेंदी तिच्याच हातची होती. मीही गेलो होतो. त्या बाईपाशी जाऊन त्या तीन तासांबद्दल माफी मागितली. तिने माझ्या ताटात आणखी वाढलं.

तपासाला बसलं की पहिला प्रश्न असतो, या माणसाचं वाईट कोणाला हवं होतं. तो मी पुढेही विचारत राहिलो. पण त्या दिवसापासून त्याच्या जोडीला आणखी एक विचारू लागलो, याच्यावर माया कोण करतं आणि ती कशी करतं. पुष्कळदा उत्तर तिथे सापडलं, आणि बेड्या खिशातच राहिल्या.