दुखवट्याची कॅसेट

कपाट आवरताना दत्ताचा जुना वॉकमन सापडला. हेडफोनच्या स्पंजचा बोटांत भुगा झाला आणि शिरूरचं स्वयंपाकघर आठवलं.

आप्पा, आमचे वडील, जाऊन महिना झाला होता. माझा धाकटा भाऊ दत्ता अजून रडला नव्हता. कंपनीतून आला की डिप्रेसिव्ह ब्लॅक मेटलची कॅसेट लावून बसायचा. हेडफोनबाहेरही ऐकू यायचं: संथ गिटार आणि त्यावर कुणीतरी जीव तोडून ओरडतंय. "डुक्कर कापतायत का रे?" म्हणून मी वॉकमनचे सेल लपवले.

"ताई, दे ना," एवढंच म्हणाला.

आईनं माझ्याकडून सेल घेऊन वॉकमनमध्ये घातले आणि हेडफोन स्वतःच्या कानाला लावला. तव्यावरची भाकरी करपली तरी ऐकत राहिली. आमच्याकडं दुखवट्याला आलेल्या बायका दारातूनच हेल काढून रडतात. पुरुष ओट्यावर गप्प बसतात.

"ह्यो तर हेल काढतोय," आई म्हणाली. "कोण गेलंय रं ह्याचं?"

"माहीत न्हाई, आई," म्हणत दत्तानं तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि मोठ्यानं रडला. मी गॅस बंद केला.

त्या सेलबद्दल मी त्याची माफी कधी मागितली नाही. आज दुकानातून दोन नवे सेल आणलेत.