छप्पन किलो चारशे ग्रॅम

सातव्या मजल्यावरच्या संघमित्राला साखर झाली, अशी बातमी आमच्या बिल्डिंगमध्ये फिरत होती. साधी नव्हे, आतून पोखरणारी. बाई दिवसेंदिवस वाळत चाललीय, गालफडं बसली, नवऱ्याने आशा सोडली, वगैरे.

बातमी मी उठवली नाही, हे आधीच सांगतो. मला ती चौथ्या मजल्यावर मिळाली. लिफ्ट बंद होती, मी पायी उतरत होतो, वाटेत माणसं भेटत गेली, एवढंच. आणि बातमीत चवही होती हो! संघमित्रा पहाटेपासून घाटकोपरभर घरोघर फिरून लोकांचं रक्त तपासणीला गोळा करते. अख्ख्या भटवाडीची साखर जिच्या पिशवीत, तिलाच साखर! ही गोष्ट पोटात ठेवायची म्हणजे माझंच पोट दुखलं असतं.

संध्याकाळी तिने मला तिसऱ्या मजल्यावर गाठलं. खांद्यावर दहा किलो तांदळाची गोण, हातात भाजी, आणि दम म्हणाल तर माझाच लागलेला.

"दत्ताभाऊ, मला साखर झाली म्हणे?"

"छे! कोण म्हणतं?"

"चौथ्यापासून खाली सगळे म्हणतात. वर कुणालाच माहीत नाही. गंमत आहे ना?"

मी जिन्याचं निरीक्षण करू लागलो.

"साखर-बिखर काही नाही," तिने गोण पायरीवर टेकवली. "लिफ्ट नाही. अकरा दिवस झाले. सासूबाईंचे गुडघे गेलेत, म्हणून खालचं सगळं मीच आणते. दिवसाला आठ वेळा सात मजले. अडीच किलो उतरले माझे. सोसायटीचे सेक्रेटरी कोण हो?"

सेक्रेटरी मीच. लिफ्टचा दोर बदलायचा ठराव माझा, आणि दोर येईपर्यंत लिफ्ट बंद ठेवायची हुशारीही माझीच.

"पण बारीक झालीस तर बरंच की!" मी म्हणालो. "बॉक्सर लोक तर वजन उतरवायला मरतात."

"तेच तर. सगळे उतरवायला मरतात, मी चढवायला मरतेय."

आता संघमित्रा बॉक्सर आहे हे नवीन बिऱ्हाडांना ठाऊक नाही, म्हणून सांगतो. माहेर मानखुर्दचं. तिथल्या समाजमंदिरात दशरथ सरांनी चार जुन्या गोण्यांत चिंध्या भरून टांगल्या होत्या, त्यांवर ती शिकली. एकोणिसाव्या वर्षी अठ्ठेचाळीस किलोच्या गटात उपनगर जिल्ह्याचं सुवर्ण मारलं. मग प्रबुद्धशी लग्न करून आमच्याकडे आली. सासूबाई रुक्मिणीकाकूंचा हात भाकरीच्या बाबतीत मोठा; पोरगी तीन किलोंनी भरली. दुसरी कुणी रडली असती. हिने एक्कावन्न किलोत नाव घातलं आणि तेही सुवर्ण आणलं. दोन बाळंतपणं झाली, वजन आणखी वाढलं, तर बत्तिसाव्या वर्षी सत्तावन्नचं सुवर्ण. वजनाचा काटा पुढे सरकला की ही पाठोपाठ तिथे हजर!

आता वय चाळीस. नियमाने हे शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी जिद्द असली तरी रिंगणात घेणार नाहीत. तिला साठचा गट हवा होता. चौथा. आणि साठच्या गटात खेळायचं तर वजन सत्तावन्नच्या वर लागतं. सत्तावन्न किंवा त्याहून कमी भरलं की थेट घरी.

"आज किती आहे?" मी विचारलं.

"छप्पन. आणि वजन द्यायचंय पुढच्या रविवारी."

मी घरी येऊन प्रेमाला, म्हणजे आमच्या हिला, सगळं सांगितलं. ती आधी माझ्यावरच उखडली. "तुमच्या तोंडाक कुलूप घालूक व्हया!" मग जरा थांबून म्हणाली, "बाई गो! म्हणजे आम्हीच तिका उपाशी मारलंव!"

ते खरंच होतं. संघमित्रा स्पर्धेत उतरणार हे बायकांना कळलं होतं. वजन चढवायचंय, हे नव्हतं. बॉक्सर म्हणजे डाएट, एवढंच त्यांचं ज्ञान. म्हणून पंधरा दिवस तिच्या घरी एकही ताट गेलं नव्हतं. सोलकढी थांबली, मटणाची वाटी थांबली, घरी केलेला लाडूही तिच्या दारावरून लपवून न्यायचा. बिचारीला मोह नको! मायेपोटी केलेला असा उपासमारीचा कट मी पन्नास वर्षांत पाहिला नाही.

दुसऱ्या दिवसापासून ताटं सुरू झाली. आमच्याकडे दुसऱ्याचं ताट रिकामं परत करायचं नाही, अशी रीत. त्यामुळे रुक्मिणीकाकूही पेटल्या. सातव्या मजल्यावर कोंबडी वडे चढायचे, आणि त्याच ताटातून चुलीवरच्यासारखी खमंग भाकरी-खरडा उतरायचा. आठवड्याभरात संघमित्रा वाढली की नाही ठाऊक नाही, माझी पँट मात्र कमरेला बसेना. लिफ्टचं काम मी शुक्रवारी रात्रपाळी लावून पुरं करून घेतलं. शनिवारी, ती रक्त पोचवते त्या दवाखान्यातल्या काट्यावर वजन भरलं सत्तावन्न किलो दोनशे. आम्ही टाळ्या पिटल्या.

रविवारी सकाळी आम्ही सगळे, रुक्मिणीकाकूंसकट, मुलुंडला, एका शाळेच्या हॉलमध्ये. साडेआठला वजन बंद. खऱ्या काट्यावर चढण्याआधी बघून घ्यायला एक वेगळा काटा ठेवलेला असतो. आठ वाजता संघमित्रा त्यावर चढली.

छप्पन किलो चारशे.

"दवाखान्यातला काटा फुगवून सांगतो वाटतं," ती एवढंच म्हणाली.

दशरथ सरांनी घड्याळ पाहिलं. "अर्धा तास. सहाशेच्या वर पाहिजे. पाणी पी."

"नुसतं पाणी पोटात डचमळतं, सर."

"लढत दुपारी एकला आहे. तोवर जिरेल. पी!"

तिने बाटली तोंडाला लावली आणि प्रेमाकडे हात केला. "वहिनी, डबा उघडा."

डबा वजन झाल्यानंतर खायचा होता. प्रेमाने तो असा उघडला, जसा बँकेचा लॉकर. घावणे, चिकनचा रस्सा, वर केळी. संघमित्रा भिंतीला टेकून मांडी घालून बसली आणि तुटून पडली.

आता तिथला देखावा ऐका. समोर पंधरा-वीस पोरं रांगेत उभी. कालपासून पाण्याचा थेंब नाही, कुणी अंगात जाड जॅकेट घालून घाम काढतोय, कुणी शंभर ग्रॅम उतरावेत म्हणून बाटलीत थुंकतोय. आणि त्यांच्या नाकासमोर बाई रश्श्यात घावणा बुडवून खातेय! एका पोराने तर डोळे मिटून भिंतीकडे तोंड केलं.

"मावशी, जरा तिकडे बसून खा ना," दुसरा कळवळला. "वाट लागली आमची."

"दोन मिनिटं, राजा," संघमित्रा तोंडात घास ठेवूनच म्हणाली. "मलाही काही हौस नाही."

चार घावणे, तीन केळी. आठ वाजून पंचवीस मिनिटांनी ती खऱ्या काट्यावर चढली. मी श्वास रोखला. माझ्या श्वासाचं वजन तिच्यात गेलं असतं तर तेही दिलं असतं.

सत्तावन्न किलो ऐंशी ग्रॅम!

प्रेमा एवढ्याने ओरडली की काट्यावरच्या साहेबांचं पेन खाली पडलं.

तर लढत. साठच्या गटात दोघीच होत्या, हे मी कुणाला सांगत नाही, तुम्हीही सांगू नका. समोर श्रुतिका, वय एकवीस, हिच्यापेक्षा वीतभर उंच, हात तर वेलीसारखे लांब. हातमोजे टेकवताना ती म्हणाली, "जपून हां, काकू."

"तूपण जप गं, बाळा."

पहिली फेरी श्रुतिकाची. लांबूनच टपाटप मारत होती, संघमित्रा जवळच पोचेना. एक ठोसा बरोबर पोटात बसला. "गेले माझे घावणे!" प्रेमाने कपाळ धरलं.

दुसऱ्या फेरीत संघमित्राने हनुवटी खाली घातली आणि आत घुसली. एखाद्या जाड्या माणसाच्या दंडात शीर शोधावी तशी, अगदी शांतपणे, ती त्या लांब हातांमधली फट शोधत होती. सापडली! डावा बरगडीत, उजवा वर. पुन्हा डावा. रुक्मिणीकाकूंना गुडघे आहेत हे त्या स्वतःच विसरल्या आणि खुर्चीवर उभ्या राहिल्या. "मार सूनबाई! तिथंच मार, तिथंच!"

तिसऱ्या फेरीत दोघींचेही हात जड झाले. शेवटच्या अर्ध्या मिनिटात श्रुतिका मागे सरकली, दोरांना लागली, आणि संघमित्रा तिथून हललीच नाही. एक, दोन, पाच, सात ठोसे. मोजता मोजता मी माझ्याच मांडीवर मारत होतो. घंटा झाली तेव्हा माझा घसा बसला होता.

पाच पंच. रेफ्रींनी दोघींचे हात धरले. तीन विरुद्ध दोन, आणि वर गेला तो हात आमच्या सातव्या मजल्याचा!

प्रेमा रडली, काकू नाचल्या, दशरथ सरांनी चष्मा तीनदा पुसला. श्रुतिकाने वाकून संघमित्राच्या पायाला हात लावला, तर हिने तिला मिठीत ओढलं.

मग कोट घातलेले एक पदाधिकारी पदक घेऊन आले. पदक गळ्यात घालता घालता मोठ्या मायेने म्हणाले, "ताई, कमाल केलीत. पण आता पुरे हां. आता घरी बसा, संसार सांभाळा."

संघमित्राने पदक नीट केलं आणि म्हणाली, "साहेब, एकोणीस वर्षांची होते तेव्हाही पदक देताना एक जण हेच म्हणाले होते. त्यांचं ऐकलं असतं तर आज हे सांगायला तुम्हाला कोण मिळालं असतं?"