आईने गाजवलेली पत्रकार परिषद

वार्ताहर तिला ‘भिंत’ म्हणायचे. तोंडावर नाही, पण तिला ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. एका गाजलेल्या रॉक बँडची प्रसिद्धी ती सांभाळायची. बँडमधले चौघे काय बोलले ते जगाला सांगायचं, जे बोलायला नको होतं ते पोटात ठेवायचं, आणि वर चेहरा असा की जणू काही घडलंच नाही.

ही नोकरी तिने मागितली नव्हती. पूर्वी ती एका हॉस्पिटलात चौकशीच्या खिडकीत बसायची. बँडचा ड्रमवाला मनगट मोडून तिथे भरती झाला आणि वार्ताहरांची झुंड खिडकीवर आदळली. आत सोडा, फोटो काढू द्या, निदान पुन्हा वाजवेल की नाही ते तरी सांगा! तिने शांतपणे चष्मा पुसला.

"पेशंट जेवलाय, झोपलाय. तुमच्या गोंगाटाने उठला, तर कोणी उठवलं ते मी त्याला नावानिशी सांगेन."

दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरांत ‘जेवला, झोपला’ एवढंच छापून आलं. ड्रमवाला प्लास्टरमधल्या हातात पेपर धरून खिडकीशी आला. "ताई, आमच्याकडे येता का?"

"त्यांची गाणी तरी आवडतात का तुला?" नवऱ्याने विचारलं.

"डोकं उठतं," ती म्हणाली, आणि गेली.

तिथे तिने सगळ्यात जास्त घडवलं ते गायकाला. काळा चष्मा, काळं जाकीट, हसणं बंद, उत्तरं तुटक. हा गडी कोणाला भीत नाही, कोणाचं ऐकत नाही, असं लोकांना वाटायचं, आणि ती वाटू द्यायची. खरा गायक आईबरोबर राहायचा आणि वेळेवर झोपायचा; पण ते कोणी विचारलं नव्हतं, म्हणून तिने सांगितलंही नव्हतं.

मग एकदा आवई उठली की बँड फुटला. उद्यावर मोठा कार्यक्रम आलेला, आणि लोक तिकिटं परत करायच्या गोष्टी करू लागलेले. तिने हॉटेलात पत्रकार परिषद बोलावली. आणि नेमका त्याच सकाळी गायकाचा घसा बसला. डॉक्टरांनी बजावलं, उद्यापर्यंत एक शब्दही काढायचा नाही.

हॉल खचाखच भरला होता. परिषद रद्द करावी तर आवई खरी ठरणार. गिटारवाल्याला बोलू द्यावं तर तो तोंड उघडेल तिथे नवी भानगड. ड्रमवाला लाजाळू, आणि चौथा विमानतळावर अडकलेला. हॉलमागच्या खोलीत ती कपाळाला हात लावून बसली.

कोपऱ्यात गायकाची आई गरम पाण्याचा थर्मास घेऊन बसली होती. गायकाने नुसते ओठ हलवले. आईने लगेच पाणी ओतून दिलं.

"काकू, तुम्हाला कळलं तो काय म्हणाला?"

"अगं, लहानपणी याचा घसा महिन्याआड बसायचा. याचे ओठ मला छापील अक्षरांसारखे दिसतात."

ती ताडकन उठली. "मग चला माझ्याबरोबर. तो म्हणेल तेवढंच सांगायचं हं, काकू. वर एक अक्षर नाही."

"छे, मी कशाला काय बोलतेय!" आई म्हणाली, आणि केस सारखे करून तिघांच्या मधोमध माइकसमोर जाऊन बसली.

पहिलाच प्रश्न आला. बँड फुटतोय, हे खरं का?

गायकाने ओठ हलवले. "तो म्हणतो, नाही," आईने सांगितलं. मग थोडं पुढे झुकून म्हणाली, "आणि मी म्हणते, फुटेल कसा? परवाच चौघे माझ्याकडे जेवले. भांडी कोणी घासायची यावरून जुंपली, तेवढंच. खिडकी उघडी होती, तिथूनच गेली असेल तुमची बातमी."

हॉलमध्ये खसखस पिकली. भिंतीने मागून खाकरून पाहिलं.

"नव्या गाण्यांत इतका राग कुठून येतो?" एका वार्ताहर मुलीने विचारलं.

गायक बराच वेळ ओठ हलवत राहिला. "जगात फार अन्याय आहे, त्यातून येतो म्हणतो," आई म्हणाली. "लहानपणी मात्र भूक लागली की यायचा."

"पण तो कोणाला भीत नाही ना, काकू?"

"इंजेक्शनला भितो. सकाळी डॉक्टरांनी सुई नुसती दाखवली, तर माझा हात सोडेना!"

आता हद्द झाली. इतक्या वर्षांची मेहनत डोळ्यांदेखत वाहून चालली होती. माइक बंद करायला ती तरातरा पुढे गेली, आणि तिची नजर गायकाकडे गेली. त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला होता. तो हसत होता. आवाज नव्हता, नुसते खांदे गदगदत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. गिटारवाल्याने टेबलावर डोकं टेकलं होतं. लाजाळू ड्रमवाला तर चक्क बोलत होता: "काकू, ती सायकलची गोष्ट सांगा ना!"

तिने माइकच्या बटणाचा नाद सोडून दिला. पहिल्या रांगेतली रिकामी खुर्ची ओढली आणि वार्ताहरांमध्ये बसून सायकलची गोष्ट ऐकली.

दुसऱ्या दिवशी पेपरांत पहिल्या पानावर आई झळकली. एकही तिकीट परत आलं नाही. कार्यक्रमापर्यंत गायकाचा आवाज थोडा घोगरा परत आला; लोक म्हणाले, असाच छान वाटतो. तिसऱ्या गाण्यानंतर मैदानातून एकच आरोळी उठली, "काकू! काकू!" आई कानांत कापसाचे बोळे घालून स्टेजवर आली आणि जन्मभर हेच करत असल्यासारखे दोन्ही हात हलवू लागली.

स्टेजमागे सामानाच्या पेटीवर बसून भिंत पोट धरधरून हसत होती.

"ताई, बरं नाही का वाटत?" साउंडवाल्याने काळजीने विचारलं.

तिने नुसतीच मान हलवली आणि त्याला स्टेजकडे बघ म्हणून बोट दाखवलं.