गाळण्यांच्या कानांचा स्टो

मामा गेल्याची बातमी इटारसीला पोचली तोवर तिकडे दिग्रसला सगळं उरकलं होतं. इथे रेल्वेत असलेला गावाकडचा एक माणूस दारात येऊन म्हणाला, "बाई, तुमचा टिनवाला मामा गेला." माझी नजर गेली ती फळीवरच्या स्टोकडे. मनात आलं, आता हा कोण उघडून देणार? अशा वेळी असं सुचावं याची लाज वाटली... पण खरं तेच लिहिते.

माझी आई चुलीच्या धुरानं डोळे गमावून गेली. मला मामानं वाढवलं. फुटक्या बादलीला, कंदिलाला तो कथलाचा डाग द्यायचा. चौथीत माझी शाळा सुटली, तेव्हा दुकानातल्या बिस्किटाच्या, चहाच्या डब्यांवरची अक्षरं तो मोठ्यानं वाचायला लावायचा. आज चार ओळी लिहिते आहे त्या त्याच डब्यांच्या जोरावर. हात रिकामा असला की तो भलतीच जनावरं करी. किटलीला चपलेचे पाय, कुलपाला छत्रीचे पंख. गिऱ्हाईक विचारी, "हे कायले बे?" तो म्हणे, "कायलेच नाही. पाहाले." मला मात्र त्यानं शब्द दिला होता, "तुह्या आंदणात पितळी स्टो देईन पोरी. तुह्या मायसारखे डोळे नाही जाऊ देणार तुहे."

धम्मदीक्षेनंतर आमच्या वस्तीत नव्या पद्धतीनं जी पहिली लग्नं लागली, त्यांत माझं एक. जुने विधी गेले, रुखवत राहिलं. त्यावरचा रुमाल मामानं उचलला आणि मांडवात हशा उसळला. स्टोच होता... पण चार पळ्यांचे पाय, छत्रीच्या काड्यांचं शेपूट, गाळण्याचा एक कान, आणि बर्नरच्या जागी डाग देऊन पक्कं केलेलं नरसाळ्याचं तोंड. एक म्हातारी हातच जोडू लागली. "बापा, हा कोनता देव?" "देव नाही मावशे, स्टो हाये!" नवरदेवसुद्धा हसला. माझी मान खाली. निघताना मामा कानाशी म्हणाला, "रागावू नोको. इटारसीले येतो अन् डाग सोडवून देतो. दुसऱ्या कोनाच्या हाती देऊ नोको, टाकी फुटंन."

तो आला नाही. सासूबाई आल्यागेल्याला सांगत, "आमच्या सुनेच्या स्टोले पाय हायेत, शेपूट हाये, फक्त पेटत नाही." मी ओल्या लाकडांवर फुंकर घालत, डोळे पुसत वाट पाहिली. शेवटी एकदा माहेरी जाताना स्टो पोत्यात घालून, गाड्या बदलत दिग्रसला नेला. मामानं तो मांडीवर घेतला आणि हरखला. "अरे, याले एकच कान! बिचारा अर्धंच ऐकत असंन." अन् माझ्यादेखत दुसरं गाळणं डागलं! "मामा, मी हा इथवर कायले आणला?" तो ताज्या डागावर फुंकर घालत राहिला. तीच शेवटची भेट. परतीच्या गाडीत मी त्याच्याशी मनातल्या मनात भांडत आले.

बातमीनंतर काही दिवसांनी स्टो इथल्या टिनवाल्याकडे नेला. त्यानं नरसाळं काढून आत पाहिलं. "बहनजी, इसमें तो कुछ है ही नहीं." बर्नर नव्हता, शेपटाखाली पंपाची दांडी नव्हती. टाकी बुडाशी फाटलेली, ती फाट पळ्यांच्या डागांखाली झाकलेली. भंगारातला मेलेला स्टो... नवा घेणं त्याला जमलं नसेल. पोरीच्या आंदणात स्टो नाही असं कुणी म्हणू नये म्हणून त्यानं अख्ख्या मांडवाला हसवलं, हे मला समजतं. पण मला का नाही सांगितलं? मी सांभाळून घेतलं असतं की. जगाला फसवलंस ते फसवलंस मामा, मला कशाला वाट पाहायला लावलीस? डब्यावरचं एकेक अक्षर खरं मानून वाचायला तूच शिकवलं होतंस.

नरसाळं मी पुन्हा होतं तसंच बसवून घेतलं. घरी सासूबाईंनी विचारलं, "उघडला काय वं तुह्या मामाचा स्टो?"

"नाही जी. डाग पक्का आहे. सोडवला तर टाकी फुटंन."

मामाचंच वाक्य तोंडून आलं. फळीवर स्टो दोन्ही कानांनी ऐकत होता. मी चुलीपुढे बसले आणि फुंकणी उचलली.